आधी मूळ, मग पाइन

नागपुरात पाइन लावायचा म्हटलं की ऐकणारा आधी हसतो. या शहरानं २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश पाहिले आहेत. इथं बर्फाच्या मुलखातलं झाड कशाला? तरीही डिसेंबर उजाडला की नर्सऱ्यांमध्ये विचारणा सुरू होते. मोबाईलवर फोटो दाखवला जातो : गुडघ्याएवढा, गच्च, गोलसर, काळपट हिरव्या सुयांचा ठेंगणा पाइन. 'असा पाहिजे. छोट्याशा अंगणात मावेल असा.'

माझं अंगण पश्चिम नागपुरातल्या एका जुन्या लेआउटमधलं. फाटकाशी सासूबाईंनी लावलेली मोरपंखीची जोडी, पायरीजवळच्या कुंड्यांत ज्युनिपर, कोपऱ्यात एक अरौकारिया आणि देहराडूनहून बोटभर रोप म्हणून आलेला, आता कमरेच्या उंचीवर राखलेला चीड. एवढाच पसारा. गल्लीतले लोक येता-जाता विचारतात, 'काकू, आमच्याकडं येईल का हे?' त्यांना जे सांगते ते इथं क्रमानं लिहिते. सगळ्याचं सार एकच : या झाडांचं भलंबुरं मातीखाली ठरतं आणि वरच्या सुया ती बातमी फार उशिरा देतात.

१. पाइन हवा की पाइनचा थाट हवा, ते आधी ठरवा

फोटोतला ठेंगणा पाइन बहुधा म्यूगो असतो. हा युरोपातल्या आल्प्स आणि भोवतालच्या पर्वतांवरचा. वर्षातले कित्येक महिने बर्फाखाली काढायची त्याला सवय. त्याला नागपूरची दुपार सोसत नाही हे सगळ्यांना कळतं. रात्रही सोसत नाही, हे सहसा कुणी लक्षात घेत नाही. झाड दिवसा अन्न तयार करतं आणि रात्रंदिवस ते खर्च करतं. रात्र जितकी गरम, तितका खर्च जास्त. मेच्या अखेरीस आपल्याकडं मध्यरात्रीही भिंती तापलेल्या असतात, तेव्हा असं झाड कमावतं थोडं आणि उडवतं फार. शिवाय हिवाळ्यात त्याला लांबलचक थंडीची विश्रांती लागते. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ पर्यंत उतरला होता खरा, पण ती बातमी झाली याचा अर्थच असा की एरवी तो तितका उतरत नाही.

भारतातले पाइन हिमालयात आणि ईशान्येच्या डोंगरांत : चीड, कैल, चिलगोजा, खासी पाइन. विंध्याच्या दक्षिणेला एकही पाइन आपसूक उगवत नाही. दक्षिण सह्याद्रीच्या पावसाळी जंगलात नाजिया नावाचं एकच मूळचं सूचिपर्णी कुळातलं झाड आहे, आणि त्याची पानं चक्क रुंद असतात.

कुणी म्हणेल, मग हा सगळा परक्या मातीतला हट्ट. तसंही नाही. १८४५ मध्ये नागपुरात आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावानं कॉलेज आहे तेच, त्यांना धर्मप्रसाराइतकाच दगड गोळा करण्याचा नाद होता. आज शहराच्या पोटात गेलेल्या टाकळीत लाव्हाच्या थरांमध्ये अडकलेले वनस्पतींचे जीवाश्म त्यांनी जमवले. पुढं १९३१ मध्ये पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनींनी अशाच एका दगड झालेल्या शंकूला टाकळीवरूनच 'टाकलिओस्ट्रोबस' हे नाव दिलं. म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या मुलखात शंकू धरणारी झाडं होती. तेव्हाचं हवामान गेलं, झाडंही गेली. आता ती परत आणायची तर हवामानाची भरपाई आपल्यालाच करावी लागणार.

माझं मत स्पष्ट आहे. थाट हवा असेल तर मोरपंखी किंवा ज्युनिपर. खरा पाइनच हवा असेल तर कुंडीतला चीड. तो शिवालिकच्या पायथ्याशी, पाचशे मीटरच्या आसपासही वाढतो आणि तिथला उन्हाळा काही कमी नसतो. म्यूगोच्या वाटेला जाऊ नका.

२. पाटीवर विश्वास ठेवू नका, सुया मोजा

'घेऊन जा न काकू, एकदम पाइनच आहे. मस्त चालते इकडं.' नर्सरीतला पोरगा हे कुठल्याही टोकदार झाडाबद्दल सांगतो. तो खोटं बोलत नाही. त्याच्या लेखी ते सगळे पाइनच.

ओळखायची रीत सोपी आहे. खऱ्या पाइनच्या सुया जुडीनं येतात आणि प्रत्येक जुडीच्या बुडाशी कागदासारखं पातळ आवरण असतं. म्यूगोच्या जुडीत दोन सुया, चिडाच्या तीन, कैलच्या पाच. मोरपंखीची पानं चपट्या पंख्यांची, शाळकरी पोरं 'विद्या' म्हणून वहीत ठेवतात ती. ज्युनिपरच्या एकाच झाडावर काही ठिकाणी टोचणाऱ्या सुया आणि काही ठिकाणी दोरीसारखे खवले दिसतात. ख्रिसमस ट्री म्हणून मिळतो तो अरौकारिया. फांद्या मजल्यामजल्यांनी निघतात. आणि लांब केसांसारखं, वाऱ्यात सू सू करणारं झाड दिसलं तर एक 'सुई' दोन्ही हातांनी हलकेच ओढा. पेरापेरांतून सुटली तर तो सुरू. तो या कुळातलाच नाही, पण ऊन मात्र सगळ्यांपेक्षा जास्त सोसतो. बोन्साय करणारे पाइनची हौस त्याच्यावर भागवतात आणि त्यात कमीपणा काही नाही.

३. ठेंगणं म्हणजे थांबलेलं नव्हे

अमेरिकन कॉनिफर सोसायटीची वर्गवारी उपयोगी आहे. वर्षाला इंचभराहून कमी वाढेल ते 'मिनिएचर', एक ते सहा इंच वाढेल ते 'ड्वार्फ'. वेग मोजतात, उंची नाही. म्हणजे 'ड्वार्फ' म्हणून आणलेलं झाड वर्षाला पाच इंच वाढलं तर दहा वर्षांत माणसाच्या छातीला लागणार.

जन्मतः ठेंगणी झाडं वेगळी आणि हातानं ठेंगणी ठेवलेली वेगळी. पहिल्या प्रकारातल्या कित्येक जाती एखाद्या मोठ्या झाडावर अचानक आलेल्या गच्च, खुरट्या फांदीचं कलम करून तयार झाल्या. दुसऱ्या प्रकारात कुंडी, कात्री आणि माणूस लागतो. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात जपानी पांढऱ्या पाइनचं एक बोन्साय आहे. १६२५ पासून घडवलं गेलेलं, हिरोशिमात अणुबॉम्बमधून वाचलेलं. यामाकी कुटुंबानं ते १९७६ मध्ये अमेरिकेला भेट दिलं. त्याचा आकार आजही कुंडीतला आहे, कारण चार शतकं कुणी ना कुणी रोज त्याच्यापाशी गेलं.

नागपुरात आपल्याला मिळतात ती बहुतेक दुसऱ्या प्रकारातली. तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर घराला कुलूप लावून गावी जाणाऱ्यांनी हा छंद सुरू करू नये.

४. खरेदी दिवाळीनंतर, आणि उन्हाळा काढलेल्या रोपाची

आपल्याकडच्या नर्सऱ्यांतली बरीचशी शोभेची रोपं बाहेरून ट्रकनं येतात : आंध्रातल्या कडियममधून, पुण्याकडून. तिथली हवा दमट किंवा सौम्य. नुकतं उतरलेलं रोप तेजदार दिसतं, कारण त्यानं इथलं काही सोसलेलंच नसतं. मी सरळ विचारते, 'गेल्या उन्हाळ्यात हे इथंच होतं का?' जे जरा धुळकट, बुडाशी खरबरीत, पण शेंड्याला ताजं आहे ते घेते.

एक गोष्ट हातानं तपासायची. खोड धरून हलकेच हलवा. मातीसकट हललं तर मुळं धरलेली आहेत. खोड एकटंच डुललं तर ते रोप नुकतंच पिशवीत बसवलेलं आहे, ठेवून द्या.

दिवाळीनंतर घेतलं की पुढचे चार महिने थंड हवेचे मिळतात. मेमध्ये सवलतीत मिळालेलं रोप जूनमध्ये महाग पडतं.

५. सकाळचं ऊन भरपूर, दुपारचं बिलकूल नाही

या झाडांना सावलीत कोंडलं तर ती विरळ होतात, आतून पिवळी पडतात. ऊन हवंच. पण नागपुरात ऊन दोन जातींचं. सकाळी उगवतीपासून दहा-अकरापर्यंतचं झाडाच्या कामाचं. त्यानंतरचं केवळ तापवणारं. घराची पूर्व बाजू म्हणूनच सगळ्यात मोलाची.

पश्चिमेच्या भिंतीचं वागणं नीट लक्षात घ्या. ती संध्याकाळपर्यंत उष्णता साठवते आणि रात्री ओकत राहते. त्यात समोर सिमेंटचा रस्ता आणि अंगणभर पेव्हर ब्लॉक असले, तर झाडाला चहूबाजूंनी झळ. एसीच्या बाहेरच्या यंत्रासमोर तर काहीच ठेवू नये. निंबाच्या विरळ सावलीची कड मिळाली तर उत्तम. माझा चीड उन्हाळ्याचे तीन महिने तिथंच मुक्कामाला असतो.

६. काळ्या मातीला कुंडीत जागा नाही

विदर्भाची काळी माती कापसाला आणि तुरीला सोनं. तिचा गुण म्हणजे पाणी धरून ठेवणं, आणि या झाडांसाठी तोच तिचा दोष. भिजली की फुगते, हवा बाहेर ढकलते. वाळली की भेगा पडतात आणि नाजूक मुळं तुटतात. वर ती चुनखडीची, किंचित अल्कधर्मी. पाइनला थोडी आम्लधर्मी माती आवडते. अल्कधर्मी मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही आणि नवी वाढ पिवळट निघते. लोक त्याला खताची भूक समजून युरिया टाकतात, आणि मग दुखणं दुप्पट होतं.

माझं मिश्रण असं : दोन भाग बारीक विटांचे तुकडे किंवा धुतलेला मुरूम, एक भाग जाडी रेती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत आणि पानकुज. वीट आणि मुरूम चाळून घ्यायचे, पिठूळ भाग फेकायचा. तो भाग राहिला तर सगळी मेहनत वाया, कारण तोच खाली जाऊन भोक बुजवतो. मूठभर मिश्रण ओलं करून दाबलं तर उघडल्याबरोबर विस्कटलं पाहिजे. कुंडीत ओतलेलं पाणी वर तळं न करता खालून निघालं पाहिजे.

कोकोपीटबद्दल एक शब्द. नर्सरीतून येणारी बहुतेक रोपं कोकोपीटच्या गड्ड्यात असतात. तो गड्डा एकदा पूर्ण सुकला की पाणी बाजूनं वाहून जातं आणि आतली मुळं कोरडी राहतात. कुंडीखालून पाणी निघालं म्हणून समाधान मानू नये. बोट खुपसून पाहावं.

जमिनीत लावायचं असेल तर खड्डा करून भरू नका. काळ्या जमिनीतला खड्डा पावसाळ्यात हौद होतो. त्यापेक्षा मुरूम-मातीचा फूटभर उंच वाफा करून त्यावर लावा. सासूबाईंची मोरपंखी अशीच चौथऱ्यावर आहे, म्हणून टिकली.

७. मेमध्ये सावली कुंडीला द्या

हिरवी जाळी डोक्यावर बांधली की आपण निश्चिंत होतो. पण ऊन तिरपं येतं आणि कुंडीच्या अंगावर पडतं. काळ्या प्लॅस्टिकची कुंडी असेल तर उन्हाकडची माती हवेपेक्षाही तापते. बहुतेक झाडांच्या मुळांची वाढ चाळिशीच्या आसपास थांबते. त्याच्या वर ती भाजू लागतात. जमिनीतल्या झाडाला खाली गारव्यात मुळं पाठवता येतात. कुंडीतल्याला पळायला जागा नाही, आणि बारीक, पाणी पिणारी मुळं तर कुंडीच्या कडेलाच असतात.

उपाय जुनाच आहे. मातीची कुंडी दुसऱ्या मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवायची आणि मधल्या फटीत रेती भरायची. रेती ओली ठेवायची. माठातलं पाणी ज्या कारणानं गार होतं त्याच कारणानं आतली कुंडी गार राहते. आपली मेमधली हवा ठणठणीत कोरडी. बाष्पीभवन झपाट्यानं होतं. नागपुरात कूलर चालतो आणि मुंबईत चालत नाही, तेही याचमुळं. उन्हाळ्यानं आपल्याला एवढी एक सवलत दिली आहे, ती वापरावी.

वरून मातीवर दोन बोटं जाडीचं आच्छादन : वाळकी पानं, तणस किंवा नारळाच्या शेंड्या. कुंडी फरशीवर थेट न ठेवता विटांवर. आणि नवतपा लागायच्या आत, म्हणजे २५ मेच्या आधी, सगळी व्यवस्था लागलेली हवी. त्या दिवसांत कुंड्यांची हलवाहलव, छाटणी, खत, काहीही नको.

८. पाणी कुठलं आणि किती वाजताचं

मे महिन्यात छतावरच्या टाकीचं पाणी दुपारी हाताला पोळतं. तेच पाणी पाइपनं सोडलं तर मुळांना चटका बसतो. मी रात्री बादल्या भरून ठेवते आणि पहाटे घालते. संध्याकाळी फरशी निवल्यावर दुसऱ्यांदा, तेही बोटानं माती पाहूनच.

बोअरचं पाणी जड असतं. त्यातला क्षार कुंडीच्या कडेला पांढरा जमतो आणि माती आणखी अल्कधर्मी होते. नळाचं त्या मानानं बरं. पावसाचं सगळ्यात उत्तम. पत्र्याखाली पिंप ठेवायला काही लागत नाही. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी झाडांना घालायची काटकसर घरोघरी चालते. ती या झाडांपुरती टाळा, कारण दिवसभर पाणी उडून गेल्यावर टाकीत उरतो तो घट्ट झालेला क्षार. एसीतून ठिबकणाऱ्या पाण्यात मात्र क्षार जवळजवळ नसतो. ते खुशाल वापरा.

संत्र्याचे बागायतदार बहारासाठी झाडाला पाणी तोडून ताण देतात. तो संस्कार आपल्या भागात मुरलेला आहे, 'थोडं वाळू दे, मग जोमानं फुटेल.' संत्रं फुटतं. पाइन फुटत नाही. त्याला ताण देऊ नका.

९. पावसाळ्यात जास्त झाडं जातात

उन्हाळा निभावला की आपण सैल पडतो. मृगाचा पाऊस आला, गारवा झाला, आता काळजी नाही असं वाटतं. खरी गळती इथून सुरू होते. १४ जुलै १९९४ ला नागपुरात एका दिवसात ३०४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तेवढा एरवी पडत नाही, पण आठवडाभराची झड आपल्याला नवी नाही. उन्हानं दुखावलेली मुळं आणि तुंबलेलं पाणी एकत्र आलं की कूज धरते.

संत्रा बागायतदाराला हे वेगळं सांगावं लागत नाही. फायटोफ्थोरा नावाचा जो जीव संत्र्याला डिंक्या लावतो, त्याच घराण्यातले जीव सूचिपर्णी झाडांची मुळंही कुजवतात. बागेत पावसाळ्यापूर्वी खोडांना बोर्डो मलम लावतात : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. अंगणातल्या दोन कुंड्यांसाठी एवढा खटाटोप नको. कुंडीखालची ताटली काढून टाका, कुंडी विटांवर चढवा, भोक मोकळं आहे का ते तारेनं पाहा आणि झड लागली की कुंडी सज्ज्याखाली सरकवा. मातीवरचं उन्हाळी आच्छादन आठवणीनं काढा. पोळा आणि मारबत होईपर्यंत ही राखण चालू ठेवायची.

१०. हिरवं आहे म्हणजे जिवंत आहे असं नाही

तुळस पाणी नसलं की मान टाकते, पाणी दिलं की उठते. ज्युनिपर असं काही करत नाही. त्याची मुळं मेल्यावरही तो कित्येक आठवडे हिरवा दिसतो. मेमध्ये गेलेलं झाड ऑगस्टमध्ये तांबूस पडतं आणि आपण दोष पावसाला देतो.

म्हणून रंगावर विसंबू नका. सुई बोटानं वाकवून पाहा. जिवंत सुई लवचीक असते, मेलेली कटकन मोडते. हिरव्याची चमक जाऊन करडी झाक आली तर सावध व्हा. शंका फारच असेल तर बारीक फांदीची साल नखानं किंचित खरवडा. खाली ओलसर हिरवं दिसलं तर आशा आहे, तपकिरी कोरडं दिसलं तर ती फांदी गेली. आणि झाड आजारी वाटताच खत घालणं हा सगळ्यात वाईट उपचार. दुखावलेल्या मुळांवर खत म्हणजे मीठ.

११. पांढरा कागद जवळ ठेवा

मार्च ते जून या कोरड्या दिवसांत लाल कोळी येतो. तो इतका बारीक की झाडाकडं पाहून दिसत नाही. ज्युनिपर नुसता धुळकट, फिकट ठिपक्यांचा वाटतो.

फांदीखाली पांढरा कागद धरा आणि फांदीवर दोन-तीन टिचक्या मारा. कागदावर काळी-तपकिरी धूळ पडेल. कागद सावलीत आडवा धरून जरा वेळ बघत राहा. धूळ जागच्या जागी राहते. त्यातले काही कण मात्र हळूच चालू लागतात, एकमेकांना वळसा घालून कडेकडे सरकतात. बोट फिरवा. धुळीची रेघ करडी उमटते, कोळ्याची तांबूस.

सुरुवातीलाच सापडला तर औषधाची गरज नाही. सकाळी पाण्याची जोरदार धार खालून वर, आतल्या फांद्यांपर्यंत मारायची. आठवड्यातून दोनदा, कागद स्वच्छ निघेपर्यंत. कोळ्याला कोरडं हवं असतं, ओलं मानवत नाही. कीटकनाशक डोळे मिटून फवारलं तर कोळ्याला खाणारे किडेच आधी मरतात आणि कोळी फोफावतो.

१२. कात्री हिरव्याच्या पलीकडं नेऊ नका

मेंदी, जास्वंद, बोगनवेल कशीही तासा, पुन्हा फुटतात. पाइन आणि ज्युनिपर पानं नसलेल्या जुन्या लाकडावरून सहसा फुटत नाहीत. माळ्यानं एकदा चेंडूसारखा गोल कापून आतलं तपकिरी उघडं पाडलं की ते भोक कायमचं. माळी मोरपंखीच्या अंदाजानं कात्री चालवतो, तेव्हा त्याच्याजवळ उभं राहावं लागतं.

पाइनची वाढ मेणबत्तीसारख्या उभ्या कोंबांनी होते. आपल्याकडं फेब्रुवारीच्या सुमारास ते लांबू लागतात. सुया उघडायच्या आत ते बोटांनी मोडायचे, अर्ध्यावर. कात्रीनं कापलं तर शेजारच्या सुयांची टोकं कापली जाऊन तपकिरी होतात. वरचे जोरदार कोंब जास्त मोडायचे, खालचे कमी. नाहीतर सगळा जोर शेंड्याकडं जाऊन खालच्या फांद्या वाळतात. ज्युनिपरची टोकं हिवाळाभर थोडी थोडी खुडत राहावी. मोरपंखीच्या आतला वाळलेला भुसा वर्षातून दोनदा हातानं झाडून काढायचा, म्हणजे हवा खेळते.

१३. कुंडी संक्रांतीनंतर बदला, जुनी माती सगळी झटकू नका

पतंग उडून गेले की कुंड्या बदलण्याचा काळ. थंडी ओसरत असते आणि उन्हाळ्याला दोन-अडीच महिने असतात. तेवढ्यात नवी मुळं धरतात. पावसाच्या सुरुवातीला बाकी सगळी झाडं हलवावीत, ही नाही.

पाइनच्या मुळांवर पांढरट बुरशीचे धागे दिसले तर घाबरून धुवू नका. ती बुरशी मुळांची भागीदार आहे. ती मातीतून पाणी आणि स्फुरद आणून देते आणि बदल्यात साखर घेते. पोर्टो रिकोत पाइनची लागवड वारंवार फसत होती. विसाव्या शतकाच्या मध्यावर पाइनच्या जंगलातली बुरशी असलेली माती रोपांना दिली, तेव्हा झाडं वाढू लागली. नागपूरच्या मातीत पाइन नाहीत, तेव्हा पाइनची बुरशीही असण्याचं कारण नाही. रोपाबरोबर येते तेवढीच आपली पुंजी. म्हणून जुन्या मातीचा निम्मा गड्डा तसाच ठेवायचा, कडेची मुळं थोडी छाटायची आणि जुन्या मातीतली दोन मुठी नव्या मिश्रणात मिसळायची.

१४. लहान अंगणात मोठेपणी काय होईल ते पाहा

अरौकारिया कुंडीत देखणा दिसतो म्हणून लोक हौसेनं जमिनीत लावतात. नॉरफोक बेटावर, त्याच्या मूळ घरी, तो पन्नास मीटरच्या वर जातो. आपल्या प्लॉटवर तो तितका होणार नाही, पण विजेच्या तारेपर्यंत नक्की जातो. शेंडा कापला की त्याचं रूप बिघडतं, आणि बाजूच्या फांदीचं कलम लावलं तर ते उभं न वाढता आडवंच पसरतं. त्याला कुंडीतच ठेवायचं आणि आवरेनासा झाला की मोठं मैदान असलेल्या एखाद्या शाळेला देऊन टाकायचा.

पहिल्यांदा लावणाऱ्याला माझा सल्ला ठरलेला आहे. पहिल्या वर्षी चौथऱ्यावर एक मोरपंखी. ती दोन उन्हाळे निभली तर पूर्वेच्या पायरीवर, दुहेरी कुंडीत ज्युनिपर. तोही निभला तर हिमालयाकडून कुणी येणार असेल त्याला चिडाचं नर्सरीतलं रोप, गड्ड्याच्या मातीसकट, आणायला सांगावं. आणि म्यूगोच पाहायचा असेल तर पैसे साठवून आल्प्सचं तिकीट काढावं. एकेक रोप विकत घेऊन मेमध्ये मारण्यापेक्षा ते स्वस्त पडेल.